चार-एकच्या पुढचं

गेल्या महिन्यात चार दिवस कोल्हापूरला घरी गेले होते. आईनं स्वयंपाकघरातलं फडताळ आवरायला काढलेलं, सगळे डबे खाली फरशीवर, आणि फळ्यांवर अंथरलेले जुन्या कॅलेंडरचे कागद ती एकेक करून ओढून काढत होती. आमच्याकडे कॅलेंडरचं पान महिना संपला म्हणून कधी रद्दीत जात नाही, ते आधी फडताळात जातं, मग तेलकट होऊन कधीतरी चार-पाच वर्षांनी बाहेर पडतं. माझा भाचा तिथंच मांडी घालून बसलेला, नुकताच तिसरीत गेलाय, त्याला सगळ्या कागदांवर काहीतरी वाचायचंच असतं. एक पान उचलून म्हणाला, "आत्या, आबांनी वजाबाकी केलीय, पण उत्तरच नाही लिहिलं."

जानेवारी २०१९ चं पान. तेलाच्या डब्याचा गोल तपकिरी डाग बरोबर मधे. सहा तारखेच्या चौकटीत वर बाबांच्या बारीक अक्षरात दुधाचा हिशोब, दीड लिटर, म्हणजे जुन्या पद्धतीनं एकापुढं दोन उभ्या रेघा, आणि खाली लाल पेननं ४-१. बाकी महिनाभर सगळीकडे निळं पेन. लाल फक्त तीन ठिकाणी. सहा तारखेला ४-१, आणि दहा आणि चौदा तारखेला नुसतंच ९.३०.

भाच्यानं पेन्सिल आणली आणि ४-१ च्या पुढं बरोबरचं चिन्ह काढून तीन लिहिलं. मग म्हणाला, पण वजाबाकी कशाची?

मी त्याला तिथंच सांगायला बसले. म्हटलं ही वजाबाकी नाही रे, हा स्कोर आहे, इंडियानं थायलंडला चार-एकनं हरवलेलं, फुटबॉलमध्ये, एशियन कपात. त्याचे डोळे एवढे मोठे झाले. कारण त्याला फुटबॉल म्हटलं की सगळे परदेशी क्लब तोंडपाठ, जर्सी नंबरासकट, पण इंडिया? इंडिया जिंकलेली त्यानं बघितलीच नाहीये फारशी. रात्री अंथरुणात परत विषय काढला त्यानं. पहिल्यापासून सांग म्हणाला. मी सगळं सांगितलं, पेनल्टी, आपला स्ट्रायकर सुनील छेत्रीचा दुसरा गोल, थापाचा, जेजेचा, हातानं हवेत काढून दाखवलं बॉल कुठून कुठं गेला ते. "आणि ते साडेनऊ? दहा आणि चौदाचं?" मी म्हटलं त्या पुढच्या मॅच होत्या. "मग पुढं काय झालं?"

मी म्हटलं, झोप आता, उशीर झाला.

तो झोपला पण. मला मात्र झोप लागेना. आपण असं का केलं हेच डोक्यात. खोटं तर काही बोलले नव्हते, पण गोष्ट नेमकी जिथं गोड होती तिथं दाबून धरली, आणि आठ वर्षांच्या पोराला इंडिया चार-एक जिंकली एवढ्यावर झोपवलं. फसवलं का त्याला? की बरोबर केलं? तेव्हापासून हे मनात घोळतंय, म्हणून लिहायला बसले.

कोल्हापूरच्या घरात वाढलेल्या माणसाला फुटबॉल कुणी शिकवत नाही. तालमींच्या, म्हणजे आमच्याकडच्या फुटबॉल क्लबांच्या मॅच असल्या की पेठांतून लोंढे शाहू स्टेडियमकडं निघायचे, आणि पाटाकडील विरुद्ध खंडोबा असेल तर विचारूच नका, त्या दिवशी घरात पाव्हणा आला तरी बाप्ये माणूस सापडायचा नाही. बाबा मला लहानपणी खांद्यावर घेऊन न्यायचे. स्टेडियमच्या त्या दगडी पायऱ्या दुपारी तापलेल्या असायच्या, खाली रुमाल घालून बसायचं, भाजक्या शेंगा, धूळ, आणि गोल झाला की आख्खी बाजू उठायची तेव्हा मला पुढचं काहीच दिसायचं नाही, नुसत्या पाठी दिसायच्या, आवाजावरून कळायचं की कुणी मारला. वर्ल्ड कप आला की हेच गाव ब्राझील आणि अर्जेंटिनात वाटलं जातं, चौकाचौकात मोठाले कटआउट. पण इंडियाच्या टीमचं म्हणाल तर मला आठवतं तसं तिचं नाव घरात फार हळू आवाजात निघायचं. आजारी माणसाची चौकशी करावी तसं. कसं काय झालं? हरले. बरं.

बाबांना मात्र ती माया कधी सुटली नाही. १९६४ ला आपण एशियन कपात दुसरे आलेलो, इंदर सिंग, चुनी गोस्वामी वगैरे, चारच टीम होत्या तेव्हा पण कोरियाला दोन-शून्य हरवलेलं. बाबा सहा वर्षांचे होते, त्यांनी बघणं शक्यच नव्हतं, पण ते असं सांगायचे की जणू पायरीवर बसून बघितलंय. त्यानंतर १९८४ आणि २०११, दोनदाच आपण तिथवर पोचलो आणि एकदाही मॅच जिंकली नाही. २०११ ला दोह्यात तर ऑस्ट्रेलियानं चार, बहरीननं पाच, कोरियानं चार. म्हणजे २०१९ उजाडलं तेव्हा एशियन कपातला आपला शेवटचा विजय ५५ वर्षं जुना होता, बाबांच्या पहिलीतला.

त्या सहा तारखेला रविवार होता. मी तेव्हा मुंबईला, अंधेरीत नोकरीला, शनिवार-रविवारला घरी आलेले आणि रात्री दहाची बस होती परत जायची. मॅच सात वाजता. आई स्वयंपाकघरात माझ्यासाठी बांधून द्यायला धपाटे लाटत होती, तव्यावरचा तो भाजका वास आख्ख्या घरात, माझी अर्धी भरलेली बॅग सोफ्यावर, आणि बाबा खुर्ची टीव्हीच्या एवढी जवळ ओढून बसलेले की आई दोनदा ओरडली. मी विचारलं काय वाटतंय बाबा. म्हणाले, "ड्रॉ झाला तरी चालतंय की. थायलंड सोपं नाही." आणि खरंच नव्हतं. त्यांचे लोक जपानच्या लीगमध्ये खेळणारे, तो बुटका चनाथिप तर नुसता पायाला चिकटवल्यासारखा बॉल घेऊन फिरायचा. आपली टीम आधी चीनशी त्यांच्या घरी शून्य-शून्य, ओमानशी शून्य-शून्य, म्हणजे अडवता येत होतं, पण गोल कोण करणार हा प्रश्न होताच. छेत्री. नेहमीसारखं, छेत्री.

सत्ताविसाव्या मिनिटाला पेनल्टी मिळाली. केरळच्या त्या कोवळ्या आशिकनं मारलेला बॉल थायलंडच्या माणसाच्या हाताला लागला. छेत्रीनं बॉल ठेवला, मागं सरला, आणि मी बाबांकडं बघितलं तर त्यांनी डोळे मिटलेले. उघडले तेव्हा गोल झालेला. सहाच मिनिटांत त्यांनी परत फेडला, फ्री किकवर तीरासिलचं हेडर, आणि घरात ती जुनी ओळखीची शांतता पसरली. आईनं आतून विचारलं काय झालं, कुणी उत्तर दिलं नाही. हाफ टाइमला एक-एक. चहा झाला. बाबा म्हणाले, आता दमतील आपले, दुसऱ्या हाफात आपण नेहमी दमतो.

आणि दुसरा हाफ सुरू होऊन एक मिनिट पण झालं नव्हतं. उजवीकडून मणिपूरच्या उदांतानं पळत जाऊन क्रॉस टाकला, आशिकनं तो हळूच मागं ठेवला, नुसता पायाचा स्पर्श, आणि छेत्रीनं न थांबवता, न बघता, वर कोपऱ्यात. तो गोल मी नंतर शंभरेकदा बघितला असेल. मला त्यात छेत्रीच्या फटक्यापेक्षा आशिकचा तो स्पर्श जास्त आवडतो. एशियन कपातली पहिली मॅच, पुढं गोलपोस्ट दिसतोय, आणि तरी पोरगा स्वतः मारत नाही, मागून कोण येतंय हे त्याला माहिती आहे. मागं न बघता माहिती आहे. इंडियाची टीम असं खेळताना मी त्याआधी पाहिलीच नव्हती, म्हणजे आपल्याला काहीतरी सुचतंय, आपण नुसतं अडवत नाही, असं. तो छेत्रीचा ६७ वा आंतरराष्ट्रीय गोल, मेस्सीचे तेव्हा ६५ होते, आणि दुसऱ्या दिवशी सगळीकडे तेच छापून आलं. मला त्या आकड्याचं एवढं काही वाटलं नाही. मला बाबा उठून उभे राहिले त्याचं वाटलं.

कारण बाबा मॅच बघताना उभे राहत नाहीत. स्टेडियमवर सुद्धा नाही, मागच्याला दिसत नाही म्हणून. त्या दिवशी घरात मागं कुणीच नव्हतं.

मग अडुसष्टाव्या मिनिटाला थापा. डेहराडूनचा पोरगा, वीस वर्षांचा. उदांता एकटाच गोलकीपरच्या समोर, त्यानं स्वतः न मारता बाजूला दिला, आणि थापानं पळता पळता बॉल असा उचलून टाकला कीपरच्या डोक्यावरून, इतक्या शांतपणे, जसं काही गल्लीत खेळतोय. बाबा म्हणाले, "नाद खुळा!" त्यांच्या तोंडून हा शब्द मी पहिल्यांदा आणि शेवटचा ऐकला. आणि ऐंशीव्याला जेजे. क्लबकडून त्या सीझनला त्याचं काहीच जमत नव्हतं, लोक त्याला कशाला घेतलाय म्हणत होते, तो दोन मिनिटांपूर्वी मैदानात आलेला आणि बॉक्सच्या कडेवरून एकच फटका, वळत वळत आत. चार-एक. आई लाटणं हातात घेऊनच बाहेर आली, तिला फुटबॉलमधलं काही कळत नाही, पण बाबांचा चेहरा बघून ती पण हसायला लागली आणि धपाटा जळाला.

बस पकडायला निघताना बाबांनी कॅलेंडर काढलं. दुधाचा हिशोब निळ्या पेननं होता, त्यांनी कपाटातून लाल शोधून आणलं, सहा तारखेला ४-१ लिहिलं, आणि मग जरा थांबून, पुढच्या मॅचची वेळ मला विचारून, दहा आणि चौदाच्या चौकटीत ९.३० असं लिहून ठेवलं. चौदाला भोगी होती. मी म्हटलं, बाबा स्कोर पण लिहून टाका आत्ताच. म्हणाले, "जागा ठेवलीय की."

त्या रात्रीची बस मला अजून आठवते. थंडी होती, ऊस कारखान्यांचे दिवस, किणीकडच्या हवेत तो गोड जळका वास असतो तो बसच्या काचेच्या फटीतून आत येत होता. आख्खी बस झोपलेली आणि मी पांघरुणात मोबाईल घेऊन गणितं करत होते. २४ टीम, सहा गट, पहिले दोन पुढं, आणि तिसऱ्या आलेल्या सहांपैकी चार पुढं. आदल्या दिवशी यजमान अमिराती आणि बहरीन एक-एक झालेले. म्हणजे आपण गटात एक नंबर. मी ती तालिका एवढ्या वेळा उघडली, इंडिया सगळ्यात वर, १ मॅच, ३ गुण, गोलफरक अधिक तीन. बंद करायची, परत उघडायची. कुणी ती बदलली नाहीये ना हे बघायला.

सात तारखेला सोमवारी ऑफिसमध्ये नुसता क्रिकेटचा जल्लोष. त्याच सकाळी सिडनीची टेस्ट ड्रॉ होऊन आपण ऑस्ट्रेलियात पहिल्यांदा सिरीज जिंकलेली, ७० वर्षांत पहिल्यांदा, तर ते साहजिकच होतं, मला पण आनंदच झाला. पण मला कुणाशी तरी ते दुसरं पण बोलायचं होतं. लिफ्टमध्ये एक मणिपूरचा मुलगा होता, दुसऱ्या कंपनीतला, कधी बोलणं नव्हतं आमचं, त्याच्या बॅगेला निळा रिबनचा तुकडा बांधलेला. मी नुसतं म्हटलं, "उदांता!" आणि तो असा हसला की काय सांगू. त्याचा मजला आला तरी उतरला नाही, माझ्याबरोबर वर आला, उदांताचा तो पास, उदांताचा तो क्रॉस, मग एकटा परत खाली गेला. त्याच दिवशी थायलंडनं आपल्या कोचला काढून टाकल्याची बातमी आली. एका मॅचवर. आम्ही कुणालातरी एवढं हादरवू शकतो, हे मला दिवसभर खरंच वाटत नव्हतं.

सहा ते दहा. चार दिवस. माझ्या आयुष्यात तसे चार दिवस इंडियाच्या फुटबॉलनं दुसरे कधी दिले नाहीत. त्यात काही घडलंच नाही, हे विशेष. मॅच नव्हती. पण चालताना, लोकलमध्ये लटकताना, डबा खाताना मनात एक बारीक ऊब असायची, अजून काहीतरी व्हायचंय आणि ते चांगलं असू शकतं अशी. अंधेरीच्या ज्या स्टेडियमसमोरून मी रोज जायचे तिथंच सात महिन्यांपूर्वी जूनमध्ये छेत्रीनं व्हिडिओ काढून लोकांना हात जोडलेले, या म्हणून, कारण आधीच्या मॅचला अडीच हजार माणसं होती फक्त. मग केनियाच्या मॅचला आम्ही सगळे गेलो, पावसात भिजत, मैदानात एवढं पाणी की बॉल मारला तरी जागेवर थांबायचा, आणि तरी खुर्ची रिकामी नव्हती. जानेवारीत त्या गेटसमोरून जाताना मला वाटायचं, बघ, आलो होतो ना आम्ही, उगीच नाही आलो.

दहा तारीख. अबू धाबीत यजमानांशी. यावर मी फार नाही लिहिणार. आपण वाईट खेळलो असतो तर लिहिलं असतं, सोपं गेलं असतं ते. पण पहिली वीस-पंचवीस मिनिटं आपणच पुढं होतो, आशिकचा एक त्यांच्या कीपरनं अडवला, छेत्रीचं हेडर अडवलं, आणि मग एक्केचाळिसाव्याला त्यांनी एक केला. दुसऱ्या हाफात उदांताचा फटका क्रॉसबारवर आदळला, आवाज टीव्हीवर ऐकू येतो तसा टण्णकन, शेवटी आपल्या झिंगनचं हेडर परत त्याच दांडीवर. दोन-शून्य हरलो. रात्री बाबांना फोन केला, म्हणाले, "दांडीला पण आपलंच नाव लिहिलंय." पण आवाज पडलेला नव्हता. मी पण झोपले नीट. कारण हिशोब अजून आपल्या बाजूचा होता, शेवटच्या मॅचला बहरीनशी बरोबरी केली तरी पुढं.

मग चौदा तारीख.

भोगीचा दिवस. आईनं दुपारीच फोनवर सगळं ऐकवलेलं, तीळ लावून बाजरीच्या भाकरी, घेवडा-गाजर-वांगं-ओला हरभरा घालून भोगीची भाजी, तू नाहीस, बाबांना सांगितलंय तुझ्या वाटणीची खा म्हणून. मी रूमवर एकटी, मोबाईल स्टीलच्या डब्याला टेकवून ठेवलेला, आणि कानात इअरफोन घालून बाबा फोनवर. मॅचभर आम्ही असेच बसलो, ते तिकडं टीव्हीसमोर, मी इकडं दुसऱ्या मोबाईलवर. फार बोलत नव्हतो. त्यांच्या टीव्हीचा आवाज मला कानात यायचा आणि माझं चित्र त्याच्या मागं, वीस-पंचवीस सेकंद मागं, इंटरनेटवर असतं तसं. सुरुवातीला त्याचा त्रास झाला, कानात बाबा आधीच हुश्श करायचे आणि माझ्या डोळ्यांसमोर बहरीनचा माणूस अजून बॉल घेऊन येतच असायचा. मग सवय झाली. उलट बरं वाटायला लागलं. बाबांनी हुश्श केलं म्हणजे आपला कीपर गुरप्रीतनं अडवलेलं आहे, आता निवांत बघायचं.

आपण त्या मॅचमध्ये नुसते मागं मागं गेलो. हे म्हणायला पाहिजे. चौथ्याच मिनिटाला बचावातला अनस दुखापत होऊन बाहेर, आणि त्यानंतर जणू सगळ्यांनी मनात ठरवलं की शून्य-शून्य पुरे. मला आजही त्याचं वाईट वाटतं, हरल्याचं कमी, पण जी टीम आठ दिवसांपूर्वी मागं न बघता पास देत होती तीच बॉल मिळाला की नुसता लांब भिरकावत होती याचं जास्त. भीती अशी असते का, की हातात काहीतरी आल्यावरच लागते? थायलंडशी आपल्याकडं गमवायला काही नव्हतं. बहरीनशी होतं.

नव्वद मिनिटं झाली. दुसरीकडं थायलंड आणि अमिराती एक-एक. म्हणजे आपण त्या क्षणी गटात दुसरे. पुढच्या फेरीत. जादा वेळ सुरू झाला आणि कानात बाबांचा श्वास मला ऐकू येत होता, आणि मग तो श्वास थांबला. ते काही बोलले नाहीत. टीव्हीचा आवाज वाढला, शिट्टी, कॉमेंटेटर काहीतरी वेगानं बोलतोय, आणि बाबा एवढंच म्हणाले, "अगं..." बस्स.

माझ्या समोर, डब्याला टेकवलेल्या मोबाईलवर, अजून काहीच झालेलं नव्हतं.

ते सेकंद मी कधी विसरणार नाही. स्क्रीनवर शून्य-शून्य. आपली पोरं बॉक्समध्ये उभी, दमलेली, गुडघ्यावर हात ठेवलेली. प्रणय हलदर, त्या दिवशीचा कॅप्टन, मॅचभर जीव तोडून पळालेला, तो पण तिथंच, त्याचा पाय अजून पुढं गेलेला नाही. मला माहिती होतं की काहीतरी वाईट येतंय, काय ते माहिती नव्हतं, आणि तरी मी त्या स्क्रीनकडं असं बघत होते की आता मी नीट बघितलं तर ते येणार नाही. माझ्या मोबाईलमध्ये आपण अजून पुढच्या फेरीत होतो. कोल्हापुरात नव्हतो.

मग आलं. हलदरचा पाय, पडलेला माणूस, पंचाचा हात. एक्क्याण्णवावं मिनिट. जमाल रशीदनं पेनल्टी मारली तेव्हा बाबांनी फोन ठेवलेला.

त्यानंतरचं सगळं नोंदीत आहेच. कोचनं तिथंच प्रेसच्या समोर राजीनामा दिला. बहरीन आणि थायलंड दोघंही पुढं गेले, आणि आपण गटात शेवटचे. तीन गुण. भाच्यानं पेन्सिलनं लिहिलेलं उत्तर. ज्यांना आपण चार मारले ते दुसऱ्या फेरीत चीनशी खेळले, आणि त्या जागी आपण असतो तर चीनशी आपण खेळलो असतो, ज्यांना तीन महिन्यांपूर्वी त्यांच्या घरात आपण शून्यावर अडवलेलं. हे मी कित्येक महिने मनात खेळत होते. त्यापुढचा एशियन कप २०२४ ला कतारमध्ये झाला, आपण तिन्ही मॅच हरलो आणि एकही गोल झाला नाही. त्याच जूनमध्ये छेत्रीनं कोलकात्यात सॉल्ट लेकला निरोप घेतला, मग टीमला गरज पडली म्हणून पुढच्या वर्षी परत आला, आणि तरी २०२७ ला आपण पात्र नाही झालो. म्हणजे माझ्या भाच्याला समजायला लागल्यापासून इंडियाचं त्यानं जे काही बघितलंय ते हे एवढंच.

म्हणूनच बहुतेक मी त्या रात्री थांबले. मला वाटलं याच्याकडं काहीतरी पूर्ण चांगलं असू दे. पण लहानपणी बाबांनी मला १९६४ सांगितलं ते पण अर्धंच होतं की, दुसरे आलो एवढंच सांगितलं, मधल्या मॅचला इस्रायलकडून दोन-शून्य हरलो म्हणून दुसरे आलो हे मी मोठी झाल्यावर कुठंतरी वाचलं. आणि तेव्हा मला राग आलेला बाबांचा. जराच, पण आलेला. वाटलेलं, मला सांगितलं असतं तर मी काय इंडियाची बाजू सोडणार होते का?

सकाळी बाबा अंगणात पेपर वाचत बसलेले. कॅलेंडरचं ते पान त्यांच्या खुर्चीखाली, आईनं टाकून दिलेलं त्यांनी उचलून आणलेलं, घडी घालून. मी विचारलं, दहा आणि चौदाचा स्कोर का नाही लिहिला तुम्ही? त्यांनी पेपरातून मान वर केली नाही. म्हणाले, "दहाचा लिहिणार होतो. म्हटलं चौदाचा झाला की दोन्ही एकदम लिहू."

भाचा दूध पिऊन, ओठावर मिशी घेऊन बाहेर आला. मी त्याला पायरीवर बसवलं आणि राहिलेलं सगळं सांगितलं. क्रॉसबार दोनदा. भोगी. इअरफोन. हलदर. शेवटचे आलो ते. काही गाळलं नाही. तो ऐकत होता, मधे एकदा म्हणाला, मग ते चार गोल कॅन्सल झाले का? मी म्हटलं नाही रे, गोल कॅन्सल होत नसतात, ते झालेले आहेत. मग बराच वेळ गप्प. मला वाटलं रडतो की काय. पण तो वेगळंच काहीतरी लावत होता मनात.

"आत्या, म्हणजे आबांच्या टीव्हीत फाऊल झाला तेव्हा तुझ्या मोबाईलमध्ये आपण अजून होतो?"

"हो."

"किती वेळ?"

"वीस-पंचवीस सेकंद असतील."

तो उठला, भिंतीपाशी गेला, डोळ्यांवर हात घेतले आणि लपाछपीत मोजतात तसं मोजायला लागला, पण घाई न करता, एकेक आकडा ओढून. एक. दोन. तीन. बाबांनी पेपर खाली घेतला. पंचवीस होईपर्यंत आमच्यापैकी कुणीच काही बोललं नाही.